चलनातून गेलेल्या नोटांचा संग्रह: नागपूरच्या संग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नोटा जमवणाऱ्यांचे प्रश्न साधारणपणे दोन प्रकारचे असतात. काही कायद्याचे आणि पैशाचे असतात, तर काही नोटेवरच्या चित्रांचे. पहिल्या प्रकारचे प्रश्न अधिक वेळा विचारले जातात, त्यामुळे त्यांची उत्तरे आधी दिली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत रस घेणाऱ्या वाचकाने थेट मधल्या भागाकडे जावे.

नोट ‘बंद झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

बोलताना आपण सगळ्याच जुन्या नोटांना ‘बंद’ म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचे तीन वर्ग पडतात आणि संग्राहकाने ते सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे. पहिल्या वर्गात छपाई थांबलेल्या नोटा येतात. २ आणि ५ रुपयांच्या नोटा आता छापल्या जात नाहीत, कारण त्यांची जागा नाण्यांनी घेतली. दुकानदार घेताना कुरकुर करतो हे खरे असले तरी त्या आजही कायदेशीर चलन आहेत. दुसऱ्या वर्गात चलनातून मागे घेतलेल्या, परंतु कायदेशीर दर्जा कायम असलेल्या नोटा येतात. १९ मे २०२३ रोजी मागे घेण्याचे जाहीर झालेली २००० रुपयांची नोट या वर्गातली आहे, आणि मागील बाजूस छपाईचे वर्ष नसलेल्या, म्हणजे २००५ पूर्वीच्या, १०० रुपयांपर्यंतच्या नोटाही याच वर्गातल्या आहेत. तिसऱ्या वर्गातल्या नोटांचा कायदेशीर दर्जाच काढून घेतला गेला. असे तीनदा झाले: जानेवारी १९४६ मध्ये ५००, १००० आणि १०,००० रुपयांच्या, जानेवारी १९७८ मध्ये १०००, ५००० आणि १०,००० रुपयांच्या, आणि ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटांच्या बाबतीत.

नोटेचा कायदेशीर दर्जा, तिचा बाजारभाव आणि तिचे ऐतिहासिक मोल या तीन गोष्टींचा एकमेकींशी फारच थोडा संबंध असतो. पुढच्या बहुतेक प्रश्नांचा गुंता या तिन्ही गोष्टी एकत्र मोजल्यामुळे झालेला आहे.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा घरी ठेवणे गुन्हा आहे का?

मर्यादेत ठेवणे गुन्हा नाही. २०१७ साली संसदेने केलेल्या विनिर्दिष्ट बँक नोटांसंबंधीच्या कायद्यानुसार कोणत्याही व्यक्तीला दोन्ही मूल्यांच्या मिळून जास्तीत जास्त १० नोटा बाळगता येतात, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र (नाणी-नोटांचा अभ्यास) यांसाठी ही मर्यादा २५ नोटांची आहे. त्याहून अधिक नोटा जाणीवपूर्वक बाळगल्या, दिल्या किंवा घेतल्या तर दंड १०,००० रुपये किंवा त्या नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तितका होऊ शकतो. येथे मोजणी नोटांची होते, रकमेची नाही. ५०० च्या ३० नोटा आणि १००० च्या ३० नोटा या दोन्ही मर्यादेबाहेरच आहेत. एखाद्याने कपाटातून निघालेली अख्खी गड्डी ‘संग्रहासाठी घ्या’ म्हणून देऊ केली, तर नम्रपणे नकार द्यावा. १९७८ च्या रद्द नोटांसाठी वेगळा कायदा आहे. त्या नोटा विकत घेण्याचा विचार असेल तर त्यातील तरतुदी आधी वकिलाकडून समजून घ्याव्यात.

त्या नोटा नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत बदलून मिळतात असे ऐकले. खरे आहे का?

आता नाही. ही समजूत कशी पसरली असावी याचा मात्र अंदाज बांधता येतो. नोटाबंदीच्या काळात परदेशी असलेल्या भारतीयांना मुदतीनंतर नोटा जमा करण्याची जी सवलत मिळाली होती, ती रिझर्व्ह बँकेच्या केवळ पाच कार्यालयांत उपलब्ध होती: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि नागपूर. निवासी भारतीयांसाठी ती ३१ मार्च २०१७ रोजी आणि अनिवासींसाठी ३० जून २०१७ रोजी संपली. तेव्हा संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत गेलेल्या कोणाच्या तरी हकिकतीवर आजही लोक विसंबतात.

आणि २००० ची नोट?

बँकांतून ती बदलून घेण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. त्यानंतर हे काम रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांकडे आले आणि त्यांत नागपूरचेही कार्यालय आहे. संग्रहासाठी एखादी कोरी नोट ठेवायला हरकत नाही; मागील बाजूच्या मंगळयानामुळे ती विज्ञानविषयक नोटांच्या पानात छान बसते. मात्र ती पुढे दुर्मीळ होईल या आशेने साठा करण्यात अर्थ नाही, कारण इतक्या प्रचंड संख्येने छापलेली नोट दुर्मीळ व्हायला फार काळ लागतो.

ट्रॅक्टर असलेल्या ५ रुपयांच्या नोटेला खरोखर लाखो रुपये मिळतात का?

नाही, आणि या एका प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण यात लोकांचे पैसे बुडतात. शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र असलेली ५ रुपयांची नोट अनेक वर्षे आणि अनेक गव्हर्नरांच्या सह्यांनी छापली गेली. साधी, वापरलेली अशी नोट संग्राहकांच्या बाजारात दर्शनी किमतीपेक्षा थोड्याच जास्त दराने मिळते.

फसवणुकीची पद्धत ठरलेली असते. मोबाइलवर एक जाहिरात येते आणि तिच्यात तुमच्याकडच्या नोटेला काही लाख रुपये देऊ केलेले असतात. नोटेचा फोटो पाठवला की पलीकडचा माणूस ती ‘पसंत’ पडल्याचे सांगतो, आणि मग नोंदणी शुल्क, कर, कुरिअर, विमा अशा नावांखाली आधी तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात. अनेकदा रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचे खोटे पत्रही दाखवले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट निवेदन काढून सांगितले आहे की जुन्या नोटा आणि नाणी यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही आणि अशा व्यवहारांसाठी ती कोणतेही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. विकणाऱ्याकडेच आगाऊ पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नव्हेच, एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुरे. घरातल्या ज्येष्ठांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. जुन्या नोटा बहुधा त्यांच्याच ट्रंकेत असतात आणि असले फोनही त्यांनाच येतात.

७८६ क्रमांकाच्या नोटेचे काय?

हौसेला मोल नसते. श्रद्धेने असा क्रमांक शोधणारे लोक आहेत, त्यामुळे थोडी जास्त किंमत मिळू शकते. एकाच अंकाचे सहा आकडे, १२३४५६ असा चढता क्रम किंवा गड्डीतली ०००००१ ही पहिली नोट यांना त्याहून स्थिर मागणी असते. जन्मतारखेशी जुळणारे क्रमांक जमवणे हा स्वस्त आणि आनंदाचा छंद आहे, पण ती तारीख इतर कोणाच्या उपयोगाची नसते, हे विकताना ध्यानात येते.

संग्रहाची सुरुवात कशापासून करावी?

‘मिळेल ते’ या धोरणाने सुरू केलेला संग्रह दोन वर्षांत रद्दीसारखा दिसू लागतो, म्हणून एखादे सूत्र निवडावे. नवख्याला दोन सूत्रे सोयीची पडतात. एक म्हणजे एकाच मूल्याच्या नोटा सह्यांच्या क्रमाने लावणे, आणि दुसरे म्हणजे नोटांच्या मागील बाजूच्या चित्रांचा संग्रह करणे. दुसरे सूत्र माझ्या मते अधिक फलदायी आहे, कारण त्यासाठी महागड्या नोटा लागत नाहीत आणि प्रत्येक नोटेमागे वाचायला, शक्य असल्यास जाऊन पाहायला, काहीतरी असते.

विदर्भाशी थेट नाते सांगणारी एखादी नोट आहे का?

आहे, आणि नागपूरकराच्या संग्रहात ती सगळ्यांत आधी असावी. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये काढलेल्या स्मारक मालिकेत बसलेले गांधीजी दिसतात आणि त्यांच्या मागे सेवाग्राम आश्रम आहे. स्वतंत्र भारताच्या नोटेवर गांधीजी पहिल्यांदा आले ते असे, वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या पार्श्वभूमीवर. आज सवयीचे झालेले त्यांचे चेहऱ्याचे चित्र असलेली ५०० रुपयांची नोट ऑक्टोबर १९८७ मध्ये आली आणि सर्व मूल्यांना व्यापणारी महात्मा गांधी मालिका १९९६ पासून सुरू झाली.

ही नोट हातात आली तर भिंगाखाली सावकाश पाहावी. पुढील बाजू त्या काळच्या नेहमीच्या नोटांसारखीच आहे; सारे वेगळेपण मागे आहे. नंतरच्या नोटांवर गांधीजी म्हणजे फक्त चेहरा आणि खांदे, त्यांना जागा नाही, परिसर नाही. येथे मात्र ते जमिनीवर बसलेले आहेत आणि मागे राहते घर आहे. गांधीजी १९३६ मध्ये या गावी राहायला आले तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये रूढ झाले. मातीच्या भिंती आणि कौलारू छपराची बापूकुटी आजही तशीच जपलेली आहे. नागपूरहून सेवाग्राम स्थानक रेल्वेने साधारण ७५ किलोमीटरवर आहे, त्यामुळे नोटेची प्रत बरोबर नेऊन चित्र आणि वास्तू यांचा ताळा घेणे एका दिवसात सहज होते. मूळ नोट मात्र घरीच ठेवावी.

या मालिकेच्या नोटांवर दोन गव्हर्नरांच्या सह्या सापडतात: एल. के. झा आणि बी. एन. आडारकर. आडारकर ४ मे ते १५ जून १९७० एवढाच काळ गव्हर्नर होते, त्यामुळे त्यांच्या सहीच्या नोटांना संग्राहकांत विशेष मान आहे. विदर्भाशी संबंध असलेली आणखी एक सही सी. डी. देशमुख यांची. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९) मूळचे रायगड जिल्ह्यातले असले तरी सनदी सेवेतली त्यांची उमेदीची वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. त्यांची सही सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर आहे: ब्रिटिश राजाचा मुखवटा आणि खाली मराठी माणसाची सही.

नोटांवर कोणकोणती स्मारके आली आहेत?

पूर्ण यादी देण्यापेक्षा ज्या नोटांतून काही समजते त्यांच्याविषयीच लिहितो.

१९५४ मध्ये मोठ्या मूल्यांच्या नोटा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा १००० रुपयांच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि ५००० रुपयांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया छापले गेले. बृहदीश्वराची निवड समजण्यासारखी आहे. राजराज चोळाने उभारलेले, १०१० च्या सुमारास पूर्ण झालेले हे मंदिर कोणत्याही पिढीला अभिमान वाटावा असे आहे. गेटवेची गोष्ट मात्र गमतीची आहे. १९४९ मध्ये नोटेवरून राजाचा मुखवटा काढून तेथे सारनाथचा सिंहस्तंभ आणला गेला आणि त्यानंतर पाचच वर्षांत, देशातल्या सर्वांत मोठ्या मूल्यांपैकी एका नोटेवर, त्या राजाच्या वडिलांच्या, म्हणजे पाचव्या जॉर्जच्या, १९११ च्या भेटीची स्मृती म्हणून बांधलेली आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेली कमान आली. कोणी त्याला हरकत घेतल्याचे दिसत नाही. तोवर गेटवे मुंबईची झाली होती, राजाची राहिली नव्हती, असेच याचे स्पष्टीकरण मला पटते. या दोन्ही नोटा १९७८ मध्ये रद्द झाल्या आणि आज त्या सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहेत. चित्रावर समाधान मानावे.

आवाक्यातली नोट हवी असेल तर संसद भवनाची ५० रुपयांची नोट घ्यावी. १९७५ मध्ये आलेल्या या नोटेच्या सुरुवातीच्या छपाईत इमारतीवरच्या ध्वजदंडावर ध्वजच नाही. पुढच्या छपाईत तो आला. दोन्ही नोटा शेजारी ठेवून भिंगातून दंडाच्या टोकाकडे पाहिले की फरक लगेच दिसतो. जुने संग्राहक त्यांना ‘बिनझेंड्याची’ आणि ‘झेंड्याची’ म्हणतात आणि पहिलीला अर्थातच भाव जास्त असतो. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या या गोल इमारतीतले संसदेचे कामकाज सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या इमारतीत गेले आणि जुन्या इमारतीला आता संविधान सदन म्हणतात. ‘संसद भवन’ म्हणून छापलेली ती वास्तू आज संसद नाही, आणि एकेकाळी रोज हाताळली जाणारी ती नोट आपसूकच ऐतिहासिक दस्तऐवज झाली आहे.

२० रुपयांच्या जुन्या नोटेवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र होते. तेराव्या शतकातल्या त्या मंदिराला अशी २४ चाके आहेत. हेच मंदिर २०१८ मध्ये १० रुपयांच्या नव्या नोटेवर परत आले, तर २० रुपयांच्या नव्या नोटेवर २०१९ मध्ये आपले वेरूळ आले. वेरूळची नोट चालू चलनातली असल्याने ती आजच कोरी मिळवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

धरणे, ट्रॅक्टर, उपग्रह यांना ‘वारसा’ म्हणावे का?

म्हणावे. १०० रुपयांच्या एका जुन्या नोटेवर महानदीवरचे हिराकूड धरण आहे, ५ रुपयांवर ट्रॅक्टर आहे, २ रुपयांवर १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेला आर्यभट उपग्रह आहे आणि १ रुपयाच्या एका नोटेवर मुंबईच्या समुद्रात तेल शोधणारा ‘सागर सम्राट’ हा तेलविहिरी खोदणारा मंच आहे. या चार नोटा एका ओळीत मांडल्या की पाणी, धान्य, विज्ञान आणि इंधन यांविषयी त्या काळच्या देशाला काय वाटत होते ते दिसते. देवळे आणि लेणी आपल्याला मिळालेली होती. ही चित्रे मात्र त्या पिढीने स्वतः उभारलेल्या गोष्टींची आहेत.

वन्यजीवांच्या नोटांचा वेगळा संच होतो. त्यात २ रुपयांचा वाघ नागपूरकराला जवळचा वाटतो, कारण पेंच आणि ताडोबा आपल्या अंगणात आहेत. वाघाला राष्ट्रीय प्राण्याचा दर्जा १९७३ मध्ये मिळाला, पण नोटेवर तो त्याच्या आधीपासून होता.

नोटेवर वर्ष नसेल तर काळ कसा ओळखायचा?

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे सही. गव्हर्नरांच्या कारकिर्दीची यादी शेजारी ठेवली की नोट त्या चौकटीत बसते. त्यानंतर क्रमांकाच्या आधीची अक्षरे आणि क्रमांकाच्या चौकटीत छापलेले फिकट इन्सेट अक्षर पाहावे. एकाच सहीखालच्या छपाया त्यावरून वेगळ्या करता येतात. उजेडात धरल्यावर सिंहस्तंभाचे जलचिन्ह दिसले तर नोट बहुधा महात्मा गांधी मालिकेच्या आधीची, गांधीजींचे दिसले तर त्या मालिकेतली किंवा नंतरची. मागील बाजूच्या भाषांच्या पट्टीवर नजर टाकावी: आजच्या पट्टीत १५ भाषा असून मराठी आठव्या ओळीत आहे, पण जुन्या पट्टीत कोंकणी आणि नेपाळी नाहीत.

१ रुपयाच्या नोटेसाठी गव्हर्नरांची ही यादी चालत नाही. ती रिझर्व्ह बँक नव्हे तर भारत सरकार काढते, तिच्यावर केंद्रीय अर्थसचिवांची सही असते आणि ‘मैं धारक को’ हे वचनही नसते. त्यामुळेच डॉ. मनमोहन सिंग यांची सही दोन नात्यांनी जमवता येते: १९७६ ते १९८० या काळातले अर्थसचिव म्हणून १ रुपयाच्या नोटेवर आणि १९८२ ते १९८५ या काळातले गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. १ रुपयाची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

क्रमांकात चांदणी असलेली नोट खोटी असते का?

नसते. छपाईत खराब निघालेल्या नोटांच्या जागी गड्डीत घातलेल्या बदली नोटांवर अक्षरे आणि आकडे यांच्यामध्ये चांदणी छापली जाते. ही पद्धत २००६ मध्ये १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांपासून सुरू झाली. संग्राहक त्यांना ‘स्टार नोट’ म्हणतात आणि कोरी असल्यास आवर्जून घेतात.

छपाईतल्या चुकांच्या नोटा विकत घ्याव्यात का?

अनुभव आल्यावर. कोपऱ्यात जादा कागद राहिलेली ‘बटरफ्लाय’ नोट, दोन ठिकाणचे क्रमांक वेगळे असलेली नोट, एका बाजूची छपाईच न झालेली नोट या खऱ्या चुका आहेत. रंग उडवून किंवा आकडा खरवडून ‘चूक’ तयार करणारे लोकही आहेत. रंग गायब असलेली नोट पाहताना त्या जागेवरून बोट फिरवावे आणि तिरप्या उजेडात कागदाचा पोत पाहावा. रसायन लागलेला कागद मऊ, किंचित लवदार झालेला असतो.

नोटेची अवस्था कशी ठरवतात, आणि मळकी नोट धुवावी का?

बाजारात इंग्रजी आद्याक्षरेच चालतात: कधीही न वापरलेली, करकरीत नोट ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड), आणि तिथून उतरत्या श्रेणी. एक मधली घडी पडली तरी श्रेणी उतरते आणि भाव त्याहून जास्त उतरतो. जुन्या कोऱ्या नोटांना डावीकडे टाचण्यांची छिद्रे असणे मात्र स्वाभाविक आहे, कारण २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मनाई करेपर्यंत बँका गड्ड्यांना पिना मारत असत. अशा नोटेला एकही छिद्र नसेल तर ती फार काळजीने जपलेली आहे असे समजावे.

धुणे, इस्त्री फिरवणे, खोडरबर लावणे, चिकटपट्टी डकवणे आणि लॅमिनेशन करणे यांपैकी काहीही करू नये. लॅमिनेशन तर नोटेचा अंतच. वर्षानुवर्षांचा मळ नोटेचे वय सांगतो, इस्त्रीचा तकतकीतपणा मात्र मालकाची घाई.

नागपूरच्या हवेत नोटा कशा जपाव्यात?

येथील उन्हाळ्याची सगळे धास्ती घेतात, पण कोरडी उष्णता नोटेला तितकीशी मारक नसते. खरा त्रास कूलरचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की घराघरांत वाळ्याचे कूलर रात्रंदिवस चालतात आणि ज्या खोलीत कूलर त्याच खोलीत बहुधा कपाट असते. दुपारी दमट, पहाटे कोरडी अशी हवा रोज बदलत राहिली की कापसाच्या लगद्याचा कागद फुगतो आणि आकसतो. अल्बममधल्या नोटांना बाक येतो, पुढे पावसाळ्यात त्यावर पिवळट ठिपके उमटतात. म्हणून अल्बम कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात आणि जमिनीपासून वर ठेवावा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या पावसाळ्यात बदलाव्यात. डांबरगोळ्या नोटांच्या लगत ठेवू नयेत.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाउच पीव्हीसीचे असतात. काही वर्षांनी ते चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिएस्टरचे कडक, वास नसलेले पाउच थोडे महाग पडतात, तरी तेच घ्यावेत. एका पाउचात एकच नोट ठेवावी, आणि ती हाताळताना कडेने धरावी.

हज नोट, ‘पाकिस्तान’ छापलेली भारतीय नोट वगैरे खरे प्रकार आहेत का?

होय. हज यात्रेकरूंसाठी १९५९ मध्ये १० आणि १०० रुपयांच्या वेगळ्या रंगांच्या, ‘एचए’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोटा काढल्या गेल्या. फाळणीनंतर पाकिस्तानची स्वतःची व्यवस्था होईपर्यंत नाशिकच्या छापखान्यात छापलेल्या भारतीय नोटांवरच ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे छापून १९४८ मध्ये काम भागवले गेले. दोन्ही प्रकार महाग आहेत आणि दोन्हींच्या नकला सुटल्या आहेत, त्यामुळे पावती आणि परताव्याची लेखी हमी मिळाल्याशिवाय घेऊ नयेत.

नागपुरात आणि आसपास या विषयाचा अभ्यास कुठे करता येईल?

सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, नाण्यांसाठी पाहावे. नोटांच्या अभ्यासाला नाण्यांची ओळख लागतेच. मुंबईच्या फोर्ट भागातले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय नोटांसाठी सर्वोत्तम आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. खरेदीसाठी बर्डी, महाल आणि इतवारी या भागांतले जुन्या वस्तूंचे विक्रेते आणि सराफ्यातली ओळखीची माणसे उपयोगी पडतात. रद्दी आणि भंगार घेणाऱ्यांशीही संबंध ठेवावेत, कारण जुन्या वह्यांत आणि पोथ्यांत नोटा निघतात. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांसाठी एक टीप: मुंबईकडे जाताना नाशिक रोडला नोटांचा छापखाना लागतो आणि भोपाळकडे जाताना इटारसीनंतरच्या नर्मदापुरमला, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादला, १९६८ पासून चालू असलेली नोटांच्या कागदाची गिरणी.

आजोबांच्या ट्रंकेत नोटांचा गठ्ठा सापडला आहे. आता काय करावे?

प्रथम काहीही सोडवू, पुसू किंवा विकू नये. गठ्ठा ज्या क्रमाने, ज्या कागदात किंवा दोऱ्यात बांधलेला आहे त्याचे फोटो काढावेत. बँकेची पट्टी, चिठ्ठी, पाकिटावरची तारीख यांतूनच पुढे बरेच काही कळते. मग स्वच्छ, कोरड्या हातांनी नोटा मूल्य आणि सही यांनुसार लावून एका वहीत मूल्य, सही, क्रमांक आणि अवस्था एवढी नोंद करावी. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा त्यात असतील तर त्या वेगळ्या मोजून वर सांगितलेली मर्यादा तपासावी. राजाचे चित्र असलेल्या, १९७८ पूर्वीच्या मोठ्या मूल्यांच्या किंवा सेवाग्रामच्या चित्राच्या नोटा निघाल्यास किमान दोन जाणकारांना स्वतंत्रपणे दाखवाव्यात आणि पहिल्याच भेटीत नोट कोणाकडे ‘तपासायला’ ठेवून येऊ नये. वाटणीचा प्रश्न असेल तर संच फोडण्याआधी तो संच म्हणून किती किमतीचा आहे ते विचारून घ्यावे, कारण सलग क्रमांकांच्या कोऱ्या नोटा भावंडांत एकेक वाटल्या की त्यांची सलगता कायमची जाते.